सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्प पुरतो म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

घड्याळजी:
काल इथे एकाने लिहिलं, लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये हार्डवेअर टाइमस्टॅम्प (पॅकेट आलं-गेलं ती वेळ नेटवर्क कार्डानेच टिपणं) म्हणजे ट्रेडिंगवाल्यांचे चोचले, आणि हवाच असेल तर दोन दिवसांचं काम. डोकंच सटकलं. अरे बाबा, सॉफ्टवेअरवाल्यात पॅकेट तारेवर कधी आलं ते कळत नाही, कर्नेलच्या हातात कधी पडलं ते कळतं. मधे इंटरप्ट कोअलेसिंग (कार्ड बरीच पॅकेटं साठवून सीपीयूला एकदमच हाक मारतं), झोपलेला सीपीयू, लोड आला की दहा-वीस मायक्रोसेकंद सहज इकडेतिकडे. आणि दोन दिवस? इंटेलच्या 82580 नेटवर्क चिपचा नॅनोसेकंद मोजणारा काउंटर 40 बिटांचा, 18 मिनिटांत भरून परत शून्यावर, म्हणून तिचा आयजीबी ड्रायव्हर दर 9 मिनिटांनी तो वाचत राहतो. हे विसरलात तर पाच मिनिटांची टेस्ट झकास पास होते, बोंब नंतर.

कोपऱ्यातला:
तो मीच. घरच्या सर्व्हरवर क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) आहे, मिलिसेकंदाच्या आत चालतं, लॉग जुळतात. उद्या दूध उतू जायची वेळ पण नॅनोसेकंदात मागाल.

तीन_फेज:
दूध तुमचं, सबस्टेशन आमचं. मर्जिंग युनिटच्या (करंट-व्होल्टेजची मापं नेटवर्कवर पाठवणारी पेटी) घड्याळाला 1 मायक्रोसेकंदाच्या आत राहावं लागतं. 50 हर्ट्झला घड्याळ 20 मायक्रोसेकंद घसरलं की फेज अँगल 0.36 अंशाने चुकला. हे ट्रेडिंग आहे का?

गंजका_खिळा:
आमच्या जुन्या कंपनीत मी हे केलंय, दोन दिवस ऐकून हसावं की रडावं. पीटीपी-फोर-एल (लिनक्सवर घड्याळं अचूक जुळवणारा प्रोग्रॅम) सारखं ओरडायचं, टीएक्स, म्हणजे पाठवलेल्या पॅकेटच्या, टाइमस्टॅम्पची वाट बघून टाइमआउट झाला. तोच मेसेज पुढे म्हणतो, टाइमआउट वाढवून बघा पण बहुतेक ड्रायव्हरचा बग असेल. आम्ही तीन आठवडे टाइमआउटच वाढवत बसलो! शेवटी निघालं काय, तर टाइमआउट झाल्यावर आम्ही पॅकेट सोडून द्यायचो पण कार्डातलं स्टॅम्पचं रजिस्टर वाचायचोच नाही, ते अडकलेलंच, मग पुढचा स्टॅम्प येणार कुठून. आणि एवढं करून लिनक्सवाल्यांना पॅच (कोडमधला बदल) पाठवला तर पहिला शेरा काय? व्हेरिएबल उलट्या ख्रिसमस ट्रीत लावा, लांब ओळ वर, आखूड खाली!!

घड्याळजी:
नेटवर्किंगच्या कोडची पद्धतच आहे ती. घरात शिरताना चपला काढतो ना?

गंजका_खिळा:
चपला काढल्या हो, पण दारातच उभं ठेवलं ना. दुसरी आवृत्ती पाठवली तर मर्ज विंडो (पुढच्या कर्नेलसाठी जमलेला कोड एकत्र करायचा काळ) चालू, म्हणून नेट-नेक्स्ट, म्हणजे नेटवर्किंगचे नवे पॅच घेणारी शाखा, बंद, दोन आठवड्यांनी या. त्यात ऑफिसचा मेल सर्व्हर टॅबचे स्पेस करतो, पॅच लागेचना. अशाने नवीन पोरं येणार कशी?

तीन_फेज:
टॅब मोडणं ही तुमच्या ऑफिसची करणी, पॅच तपासून घेणाऱ्या मेंटेनरला कशाला शिव्या? माझे दोन पॅच गेलेत, साध्या मेलने.

गंजका_खिळा:
गेले असतील. स्पेलिंग दुरुस्तीचे का?

तीन_फेज:
तोंड सांभाळून. एक लॉकिंगचा होता.

कोपऱ्यातला:
तुमचं भांडण चालू द्या. मी इथटूल टी (कार्डाला टाइमस्टॅम्पचं काय जमतं ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं, माझ्या कार्डावर हार्डवेअर क्लॉकच नाही. बरं, दोन दिवसांचं काम नाही. अडीच दिवसांचं.