‘खोडणे’ की ‘पुसणे’? चुकीच्या माहितीच्या नियमनासाठी मराठी शब्द

प्रश्न

सार्वजनिक चर्चांसाठी नियमावलीचा मराठी मसुदा लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि त्यातील एका कलमापाशी मी गेले काही दिवस अडून बसलो आहे. २०१७ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देराखशान यांनी सदोष माहितीचे तीन प्रकार पाडले होते. माहिती चुकीची, पण सांगणाऱ्याचा हेतू वाईट नाही, ती मिसइन्फर्मेशन. चुकीची आहे हे ठाऊक असूनही अपाय करण्यासाठी पसरवलेली, ती डिसइन्फर्मेशन. आणि मुळात खरीच, पण कुणाला तरी इजा व्हावी म्हणून उघड्यावर आणलेली, ती मालइन्फर्मेशन. हे तिन्ही शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहिले तर मसुदा कुणी वाचणार नाही.

मराठीत शब्द कमी आहेत असे नाही. अफवा, आवई, कंडी, वावडी, हूल, थाप, पुडी, अपप्रचार, दिशाभूल, विपर्यास अशी यादी सहज होते. माझी अडचण अशी की यातील बहुतेक शब्द क्रियापद बरोबर घेऊन येतात आणि ते क्रियापद कर्त्यावर आरोप ठेवते. कंड्या पिकवल्या जातात, वावड्या उडवल्या जातात, हूल उठवली जाते, पुड्या सोडल्या जातात, थापा मारल्या जातात. यांपैकी एकही कृती माणसाच्या हातून नकळत होत नाही. नियमन करणाऱ्यासमोर मात्र लिहिलेले वाक्य असते, लिहिणाऱ्याचे मन नसते. आजारी नातेवाइकाच्या काळजीपोटी एखाद्याने चुकीचा उपाय लिहिला, तर त्याने ‘कंडी पिकवली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याचे वाक्य तसेच राहू देणे धोक्याचे. जाणकारांनी कृपया शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १

‘अफवा’ यादीतून प्रथम बाजूला काढावा असे मला वाटते. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मुळात तो ‘तोंड’ या अर्थाच्या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. ‘अफवा’ म्हणजे ‘तोंडे’. त्या मूळ अर्थात खरे-खोटे काहीच नाही. उगम ठाऊक नसताना तोंडोतोंडी फिरणारी गोष्ट, एवढेच त्यात आहे. म्हणूनच ‘अफवा खरी ठरली’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही, ‘थाप खरी ठरली’ हे मात्र विनोदी वाटते.

उगमाचाच विषय निघाला आहे तर ‘म्हणे’ या छोट्या शब्दाकडेही पाहायला हवे, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. ‘अमुक काढ्याने म्हणे मधुमेह कायमचा बरा होतो’ असे म्हणणारी व्यक्ती त्या विधानाची हमी घेत नाही. आपण हे ऐकले आहे, एवढीच हमी घेते, आणि बहुतेकदा त्या सुरात थोडी शंकाही असते. हाच मजकूर चार हातांमधून गेला की आधी ‘म्हणे’ गळते. मग त्या जागी ‘असे आढळून आले आहे’ येते, ज्यात कुणाला आढळले आणि कुठे आढळले हे सांगण्याची व्याकरणाला गरजच पडत नाही. शेवटी ‘सिद्ध झाले आहे’ येऊन बसते. काढा तोच, मधुमेह तोच, मध्ये एकही नवा पुरावा आलेला नाही. तरी ऐकीव गोष्टीचा सिद्धान्त झालेला असतो. मजकुराच्या शेवटी काही जण प्रामाणिकपणे ‘जसे आले तसे पुढे पाठवत आहे’ असे लिहितात, ती हरवलेल्या ‘म्हणे’ची भरपाईच असते, पण पुढच्या हातात गेल्यावर सर्वांत आधी तीच ओळ कापली जाते.

व्हॉट्सअॅपने २०१९ च्या जानेवारीत एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जगभर घातली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, अनेकदा पुढे गेलेल्या निरोपांसाठी, ती एकावर आणली. अशा निरोपावर दुहेरी बाणाची खूण दिसते. मजकूर खरा की खोटा यावर ती खूण काहीच बोलत नाही. गळून पडलेले ‘म्हणे’ ती यंत्राच्या हातून परत जागेवर ठेवते. नियमावलीत या पायरीला ‘उगम-नोंद’ असा शब्द मी सुचवेन.

प्रतिसाद २

मुक्त चर्चेला बाधा न आणता नियमन कसे करावे, यासाठी नवे शब्द घडवण्यापूर्वी न्यायशास्त्राची, म्हणजे कायद्याची नव्हे तर न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राची, परिभाषा तपासून पाहावी. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन पक्षांत होतो तो वाद. जिंकण्यासाठी केलेला, ज्यात छल (शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवणे), जाति (वरवरच्या साम्यावर बेतलेली फसवी उत्तरे) आणि निग्रहस्थाने (प्रतिपक्षी हरला असे ठरवण्याच्या जागा) यांचाही वापर चालतो, तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडाव करायचा, ती वितंडा. रोजच्या मराठीत आपण ‘वाद घालू नका’ असे म्हणून तिघांतल्या सर्वांत सज्जन शब्दालाच भांडणाच्या पंगतीला बसवले आहे, आणि मग ‘वादविवादाला पूर्ण मोकळीक’ असे लिहिताना नियमावलीचा लेखक नेमकी कशाला मोकळीक देतो आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

या विभागणीचा उपयोग असा की तिच्यात मताच्या आशयावर बंदी नाही, चर्चेच्या रीतीवर आहे. न्यायसूत्रांनी बावीस निग्रहस्थाने मोजली आहेत, म्हणजे जिथे वक्ता हरला असे मानावे अशा जागा. मूळ प्रतिज्ञाच सोडून देणे, विषयाशी संबंध नसलेले बोलत राहणे, दुसरे काम निघाल्याचे सांगून चर्चेतून काढता पाय घेणे, हे त्यांत येते. चर्चा चालवणाऱ्या कुणालाही ही माणसे ओळखीची वाटतील. छलाचे प्रसिद्ध उदाहरण ‘नवकम्बल’ हे आहे: बोलणाऱ्याला नवे कांबळे म्हणायचे असते आणि प्रतिपक्षी ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारून त्याला खोटे पाडतो. विधान चुकीचे असणे आणि विधानाचा अर्थ मुद्दाम चुकीचा घेणे, हे दोन वेगळे दोष आहेत. दुसऱ्याला मराठीत ‘विपर्यास’ हा नेमका शब्द आहे आणि धागालेखकांनी तो तसाच ठेवावा, कारण खऱ्या वाक्याची चित्रफीत अर्ध्यावर तोडून पसरवली जाते तेव्हा ‘चुकीची माहिती’ हे वर्णन लागूच पडत नाही.

एक पोटशंका. ‘माझ्या मते’ असे आधी जोडल्याने विधान मत होते, असा समज सर्वत्र दिसतो. ‘माझ्या मते ही लस सक्तीची नसावी’ हे मत आहे. ‘माझ्या मते या लसीत विष आहे’ हे तपासता येण्याजोगे विधान आहे, त्याला मताची ढाल मिळत नाही. नियमावलीत ‘मत’ आणि ‘विधान’ यांची व्याख्या दिली तर निम्मे तंटे तिथेच मिटतील.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु कारवाईच्या शब्दांकडे अजून कुणी वळलेले नाही. मराठीत ‘खोडणे’ या एका क्रियापदात दोन अर्थ राहतात. आपण मजकूर खोडतो आणि मुद्दाही खोडून काढतो. पहिल्यात अक्षरांवर रेघ मारली जाते, दुसऱ्यात युक्तिवादाला उत्तर दिले जाते, आणि दोन्ही ठिकाणी मूळ गोष्ट वाचता येते. ‘पुसणे’ म्हणजे मात्र पाटी कोरी करणे. नियमनाचा सारा प्रश्न या दोन क्रियापदांत मावतो असे मला वाटते: कोणते विधान खोडावे, आणि कोणते पुसल्याशिवाय गत्यंतर नाही?

विद्वत्तेच्या क्षेत्रात खोडण्याची परंपरा जुनी आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावर बेतलेला निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. तो निबंध आजही पाहता येतो, मात्र तो मागे घेतल्याचा शिक्का त्यावर ठळकपणे मारलेला असतो. तो पुसला असता तर ‘सत्य दडपले’ म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतही, जिचे काम १९१९ ते १९६६ एवढा काळ चालले, मूळ संहितेत न बसणारे श्लोक फेकून दिलेले नाहीत. ते रेषेखाली तळटीपांत किंवा परिशिष्टांत ठेवले आहेत. ‘प्रक्षिप्त’, म्हणजे मागाहून घुसवलेले, म्हणून ओळख पटली, तरी वाचकाला ते पडताळता येतात.

ट्विटरने २०२१ च्या जानेवारीत सुरू केलेली आणि पुढे ‘कम्युनिटी नोट्स’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली पद्धत याच जातीची आहे. मजकूर जागेवर राहतो, खाली वाचकांनी लिहिलेली टीप येते, आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या सदस्यांनाही ती उपयुक्त वाटली तरच ती सर्वांना दिसते. या अटीमुळे एका गटाला केवळ संख्याबळावर टीप लादता येत नाही, हा तिचा गुण; आणि अशी सहमती होईपर्यंत मूळ मजकूर बराच पुढे पोहोचलेला असतो, हा तिचा दोष.

उपप्रतिसाद

तर्क आकर्षक आहे, पण मग ‘खोडरबर’ने आपण काय करतो? तिथे खोडणे म्हणजे पुसणेच आहे. सामान्य वाचक ‘आपला मजकूर खोडण्यात आला आहे’ हे वाचून तो नाहीसा झाला असेच समजेल.

प्रतिसाद ३ च्या लेखिकेचे उत्तर

हरकत मान्य आहे, खोडरबराने माझी कोंडी केली खरी. नियमावलीत ‘शेरा मारणे’ आणि ‘काढून टाकणे’ असे शब्द वापरावेत. ‘खोडणे’ चर्चेपुरते राहू द्यावे.

प्रतिसाद ४

‘मॉडरेटर’साठी ‘नियंत्रक’ नको, ‘नियामक’ घ्यावा. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी ‘माप’ आहे, सत्ता नाही. उत्तरपत्रिकांच्या तपासणीतही नियामक असतो. परीक्षकाने फार सढळ किंवा फार कडक हाताने गुण दिले नाहीत ना, हे तो पाहतो. म्हणजे तो तपासणाऱ्यांना तपासतो. म्हणून शेरा मारणाऱ्याच्या शेऱ्यावर दाद मागण्याची सोय नसेल, तर त्या व्यवस्थेत अधिकारी असतील, नियामक नसेल. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने, जो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, मजकूर काढल्यास संबंधिताला कारण कळवणे बंधनकारक केले आहे. त्या पत्राला ‘सकारण निर्णय’ हा आपला रुळलेला शब्दप्रयोग चालेल.

धागालेखकाचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. मसुद्यात आता ‘चुकीची माहिती’ हा सर्वसाधारण शब्द ठेवतो, जाणूनबुजून केलेल्या प्रसारासाठी ‘अपप्रचार’, आणि खरे विधान तोडून-मोडून वापरल्यास ‘विपर्यास’. ‘अपप्रचार’ हा आरोप असल्याने एका वाक्यावरून तो करता येणार नाही. तेच खंडन झालेले विधान त्याच व्यक्तीने पुन्हा पुन्हा मांडल्याचे दाखवावे लागेल, अशी अट घालतो. तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे खऱ्या पण खाजगी माहितीचा अपायासाठी वापर झाल्यास, वेगळा शब्द न शोधता ‘खाजगी माहिती उघड करणे’ असेच लिहितो, आणि तो मजकूर मात्र शेऱ्यावर न थांबता काढून टाकण्याची तरतूद करतो, कारण शेरा मारल्याने उघड झालेला पत्ता पुन्हा झाकला जात नाही. शेऱ्यांसाठी ‘निराधार’, ‘वादग्रस्त’ आणि ‘असत्य’ हे तीन शब्द योजले आहेत.

प्रतिसाद ५

‘वादग्रस्त’ कृपया वगळावा. ज्या विधानाचे खंडन पूर्ण झाले आहे त्यालाही सौजन्य म्हणून ‘वादग्रस्त’ म्हणण्याची सवय पडली आहे आणि त्यामुळे अजून दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत असा भास होतो. उलट ज्याबद्दल अभ्यासकांत खरोखरच मतभेद आहेत त्यावर हा शेरा मारला, तर ते विधान संशयास्पद वाटू लागते. दोन्हीकडून तोटाच.

‘असत्य’बद्दलही सावध राहावे. कोविड हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ‘तथ्य’ या ठळक शब्दासह जाहीर केले होते आणि पुढे हवेतून होणारा प्रसार तिलाच मान्य करावा लागला. त्या दिवशी कुणी त्याविरुद्ध लिहिले असते, तर आपल्या मसुद्याप्रमाणे त्याला ‘असत्य’ हा शेरा मिळाला असता. ‘उपलब्ध पुराव्याशी विसंगत’ हा शब्दप्रयोग लांब आहे खरा, पण त्यातील ‘उपलब्ध’ या शब्दाला काळाचे भान आहे. प्रत्येक शेऱ्याखाली दिनांक छापावा, आणि पुरावा बदलल्यास जुना शेरा न पुसता त्याच्याखाली नवा लिहावा.

धागालेखकाचे उत्तर

‘वादग्रस्त’ काढला. ‘असत्य’च्या जागी आपला शब्दप्रयोग घेतला आहे, आणि शेऱ्याच्या रकान्याशेजारी दिनांकाचा रकाना वाढवला आहे.