उन्हाळी अभ्यासवर्ग: तुमचे अनुभव लिहा

परीक्षा संपतात, कॉलेजं ओस पडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत काही विद्यापीठांत नवे वर्ग भरतात. आपल्याकडे हे नवीन नाही. १९५५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाची उन्हाळी शाळा भरली होती. कॉलेजात शिकवणारे आणि शिकणारे तिथे एकाच वर्गात बसले.

तुम्हीही अशा एखाद्या वर्गाला गेला असाल तर सविस्तर लिहा. जेवण-राहणं कसं होतं ते दोन ओळींत पुरे. तिथे काय शिकलात आणि त्यातलं पुढे काय टिकलं, ते सांगा. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल. आलेले अनुभव खाली देत आहोत.

एम.एस्सी. गणित, संगमनेर

मी एमटीटीएसला गेले होते, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये हा उपक्रम सुरू केला आणि त्याला नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स या केंद्र सरकारच्या मंडळाचा आधार आहे. मे-जूनमध्ये चार आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त गणित.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, ‘सिक्वेन्स कन्व्हर्ज होते म्हणजे काय?’ सिक्वेन्स म्हणजे एकामागून एक येणाऱ्या संख्या, आणि कन्व्हर्ज होणं म्हणजे त्या एका ठरावीक संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहणं. व्याख्या सगळ्यांना पाठ होती. मग ते म्हणाले, ‘आता होत नाही म्हणजे काय, ते फळ्यावर येऊन लिहा.’ वर्ग गप्प. मला उठवलं. मी ‘एप्सिलॉन’ (व्याख्येतलं ते छोटंसं अंतर) लिहून खडू धरून उभी राहिले. सर ओरडले नाहीत, उत्तरही सांगितलं नाही. ‘चित्र काढ,’ एवढंच म्हणाले. मी आडवी रेघ काढली, तिच्या वर-खाली एक पट्टा काढला आणि सिक्वेन्सचे ठिपके मांडायला लागले. ठिपके मांडता मांडता दिसलं की रेघ कुठेही काढली तरी तिच्याभोवती एखादा पट्टा असा सापडतो की कितीही पुढे गेलं तरी कुठला ना कुठला ठिपका त्याच्या बाहेर पडतोच. तेच मग शब्दांत लिहिलं. बी.एस्सी.ला या व्याख्येवर मला पैकीच्या पैकी मार्क होते, पण ती कळली त्या फळ्यापाशी.

तिथे ‘का?’ विचारल्याशिवाय एकही ओळ पुढे सरकत नाही. रात्री होस्टेलच्या व्हरांड्यात आम्ही तेच प्रश्न घेऊन बसायचो. केरळची एक, ओडिशाची एक, मोडकंतोडकं हिंदी आणि भरपूर कागद. परत आल्यावर पुस्तकातली सिद्धता झाकून आधी स्वतः करून बघायची सवय लागली आणि ती अजून सुटलेली नाही.

माध्यमिक शिक्षक, पुणे जिल्हा

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम असतो. आठवी ते दहावीची मुलं सोमवार ते शुक्रवार एकेका शास्त्रज्ञाबरोबर काम करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. शेवटी अहवाल मात्र लिहायचा. आमच्या शाळेतून गेलेली मुलगी परत आली आणि तिने वर्गात सूर्य मोजून दाखवला. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायचं आणि दोन मीटरवर कागदावर सूर्याचा ठिपका पाडायचा. तो साधारण १८-१९ मिलिमीटर भरतो. म्हणजे अंतराच्या शंभराव्या भागाहून थोडा कमी. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब, तेव्हा त्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरच्या आसपास! सगळा वर्ग पट्ट्या घेऊन अंगणात आला होता. आता दरवर्षी समरूप त्रिकोण मी याच प्रयोगाने सुरू करतो. उन्हाळी वर्ग मुलीने केला, शिकवायची पद्धत माझी बदलली.

वरिष्ठ महाविद्यालय, भौतिकशास्त्र, मराठवाडा

आम्हा प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्सबद्दलही बोलायला हवं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १९८७ च्या सुमारास अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली ती शिक्षकांनी शिकत राहावं म्हणून. मी ज्या विद्यापीठात गेलो (नाव नको) तिथे बरेच वक्ते स्लाइड वाचून दाखवायचे. सकाळची सही, संध्याकाळची सही आणि शेवटी प्रमोशनच्या फाइलला लावायला प्रमाणपत्र. सुट्टी मोडून, घर सोडून आलेल्या माणसांचा वेळ असा घालवणं मला अन्यायाचं वाटतं.

पण मेसमध्ये गडचिरोलीकडचे एक सर भेटले. लॅबमध्ये वीज टिकत नाही म्हणून त्यांनी दोऱ्याला नट बांधून लंबकाचे कितीतरी प्रयोग बसवले होते. ते त्यांनी आम्हाला रोज जेवणानंतर दाखवले. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी आजही त्यातले प्रयोग घेतो. आयोजकांना कळकळीची विनंती: निम्मे तास आलेल्या शिक्षकांनाच द्या.

गणिताची प्राध्यापिका, कोल्हापूर

संगमनेरच्या मुलीने लिहिलंय त्यातलं अक्षर अन् अक्षर पटलं. अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगते की उन्हाळ्याची वाट बघू नका, जाहिराती बऱ्याच आधी येतात आणि शिफारसपत्र लागतं. तेव्हा आपल्या सरांना, मॅडमना वेळेत गाठा.

खरी अडचण घरची असते. मुलगी एकटी परगावी, तीही महिनाभर, म्हटलं की नकार ठरलेला. अशा वेळी मी स्वतः घरी जाते. तिच्या आईशी आधी बोलते, वडिलांशी नंतर. होस्टेलचा पत्ता, रेक्टरचा नंबर आणि परतीच्या गाडीचं तिकीट समोर ठेवलं की बहुतेक घरांतून होकार मिळतो.