आईला वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग: क्रॅनबेरीचा रस कोणता आणि किती द्यावा?

ऋता_नाशिक
माझ्या आईला गेल्या आठ महिन्यांत चौथ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला आहे. दर वेळी तेच घडते. पहाटे ती न्हाणीघराच्या दाराची कडी धरून उभी राहते, थेंब-थेंब लघवी होते, जळजळीने तिच्या डोळ्यांत पाणी येते. मग पाच-सात दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या, मग महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. क्रॅनबेरीने हा त्रास टळतो असे बऱ्याच ठिकाणी वाचल्यामुळे मी रसाची खोकी आणली आहेत. रोज किती मिलिलिटर द्यायचा, आणि रस बरा की औषधांच्या दुकानातली पुडी, एवढेच मला हवे आहे. भरपूर पाणी प्या, स्वच्छता राखा हे सल्ले आम्हाला पाठ आहेत. ते कृपया पुन्हा देऊ नयेत.

मंजिरी_बॉस्टन
ऋता, मलाही वर्षातून चार-पाच वेळा हा त्रास व्हायचा. दोन वर्षे रोज क्रॅनबेरीची कॅप्सूल घेते आहे, आणि या काळात एकदाच झाला. रसाच्या खोक्यावरील घटकांची यादी वाचून पाहा. बहुतेकांत आधी पाणी, मग साखर आणि त्यानंतर फळाचा रस असतो. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये शरद ऋतूत वाफ्यांत पाणी सोडतात आणि तरंगणारी लाल फळे गोळा करतात. त्या ताज्या फळाचा निव्वळ रस इतका आंबट-तुरट असतो की साखरेवाचून घोटभरही जात नाही. म्हणून कॅप्सूलच घ्या, मात्र तिच्यात प्रोॲंथोसायनिडिन (फळातले उपयोगी मानले जाणारे द्रव्य) किती आहे ते छापलेले असावे. माझ्या कॅप्सूलमध्ये ते ३६ मिलिग्रॅम आहे.

शुभदा_स्त्रीरोग
ताई, उत्तर देण्यापूर्वी काही विचारते. आईंचे वय किती? पाळी जाऊन किती वर्षे झाली? मधुमेह आहे का? प्रत्येक वेळी लघवीचे कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केले होते का आणि त्यात कोणता जंतू निघाला? सध्या त्या आणखी कोणकोणती औषधे घेतात?

रानमेवा
एवढा खर्च कशासाठी? क्रॅनबेरी म्हणजे आपले करवंदच. मे महिन्यात करवंदाचे सरबत करून ठेवावे आणि रोज सकाळी धने-जिरे भिजवलेले पाणी द्यावे. आमच्या घरी उन्हाळी लागली की आजी हेच करायची आणि दोन दिवसांत उतार पडायचा.

अपूर्वा_जे
रानमेवा, करवंद आणि क्रॅनबेरी यांचा दूरचाही संबंध नाही. दोन्हींची कुळे वेगळी आहेत. क्रॅनबेरीतील ‘ए’ प्रकारच्या प्रोॲंथोसायनिडिनमुळे ई. कोलाय जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटणे अवघड जाते, असे मानले जाते. करवंदाबाबत तसे कोणी दाखवून दिल्याचे माझ्या वाचनात नाही. शिवाय कमी पाण्याने होणारी उन्हाळी आणि जंतुसंसर्ग यांत फरक आहे. धने-पाण्याने उन्हाळी उतरेल, जंतू जाणार नाहीत.

रानमेवा
आमच्या घरात तीन पिढ्यांनी जे अनुभवले, ते एका वाक्यात खोटे कसे ठरते? मी औषधे बंद करा असे कोठेही म्हटलेले नाही.

ऋता_नाशिक
मी रसाबद्दल विचारले होते, करवंदाबद्दल नाही. शुभदाताई, आई ६३ वर्षांची आहे, पाळी जाऊन चौदा वर्षे झाली, मधुमेह नाही. पहिल्या तीन वेळा गोळ्या सुरू केल्यावर नमुना दिला, त्यामुळे कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. चौथ्या वेळी ई. कोलाय निघाला. सध्या कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक चालू आहे. रसाचे प्रमाण कोणी सांगेल का?

हेमलता_ठाणे
क्रॅनबेरीपेक्षा डी-मॅनोज द्या. माझ्या जाऊबाईंना त्याने शंभर टक्के गुण आला. ती साखर जंतूंना धरून लघवीवाटे बाहेर नेते.

अपूर्वा_जे
कल्पना पटण्यासारखी आहे, पण ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सहा महिने रोज डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के स्त्रियांना पुन्हा त्रास होऊन डॉक्टरांकडे जावे लागले, आणि नुसती दिखाऊ पूड घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के स्त्रियांना. हा फरक उपयोग झाला म्हणण्याइतका नाही.

हेमलता_ठाणे
आकडे तुमच्याजवळ ठेवा, मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते आहे. आणि प्रवासात कमोडवर बसण्याआधी फवारा मारत जा, हे कोणी कसे लिहिले नाही?

शुभदा_स्त्रीरोग
क्रॅनबेरीबद्दलचे मत मधल्या काळात बदलले आहे. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात तिचा विशेष उपयोग दिसला नव्हता. २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास आणि ८,८५७ व्यक्ती होत्या, आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. म्हणजे उपयोग आहे, पण तो पुढचा संसर्ग टाळण्यापुरता. चालू असलेला संसर्ग तिने बरा होत नाही. रस किती आणि कॅप्सूल किती, याचे पक्के प्रमाण त्याही आढाव्यातून निघाले नाही, म्हणून मी मिलिलिटरचा आकडा देत नाही.

आईंच्या वयात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, योनीतील उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मिळते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९३ स्त्रियांच्या चाचणीत, योनीत लावायचे एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम वापरणाऱ्यांत संसर्गाचे प्रमाण वर्षाला दर स्त्रीमागे ०.५, तर नुसते दिखाऊ क्रीम वापरणाऱ्यांत ५.९ दिसले. याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. आणि माझा एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे: रोजची इतर औषधे कोणती?

प्रकाश_वाडी
याच धाग्यावर विचारतो, मला मुतखडा आहे, तर क्रॅनबेरी चालेल का?

अपूर्वा_जे
प्रकाशराव, तिच्यात ऑक्झलेट असते, त्यामुळे खडा कोणता आहे हे कळल्याशिवाय घेऊ नका. कृपया वेगळा धागा काढावा, इथे ऋताला उत्तर मिळू द्या.

ऋता_नाशिक
इतर औषधे हृदयाची आहेत, त्यांचा लघवीशी संबंध नसल्यामुळे लिहिली नव्हती. २०१७ मध्ये तिची झडप बदलली, कृत्रिम धातूची बसवली आहे. तेव्हापासून रक्त पातळ राहण्यासाठी ॲसेनोकुमरॉल रोज रात्री घेते. रस मी गेल्या नऊ दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ एक पेला देते आहे.

शुभदा_स्त्रीरोग
ताई, रस आजच थांबवा, आणि रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. याच गटातील वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी टाळावी, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्येच दिला होता. नंतरच्या सर्व अभ्यासांत तो परिणाम सारखा दिसला नाही, तरी धातूच्या झडपेच्या रुग्णाला तो धोका पत्करायला मी सांगणार नाही. त्याहून मोठी काळजी कोट्रायमोक्साझोलची आहे, कारण त्याने रक्त अधिक पातळ होते हे नक्की माहीत आहे. उद्या सकाळीच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) करून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, लालसर लघवी किंवा काळी शौच दिसली तर सकाळची वाट पाहू नका. थंडी वाजून ताप आला तरीही लगेच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. झडप असताना ताप अंगावर काढायचा नसतो.

मंजिरी_बॉस्टन
मी औषधांची चौकशी न करता कॅप्सूल सुचवली, ते चुकले. माझ्या बाटलीवर बारीक अक्षरांत हाच इशारा छापलेला आहे, आज पहिल्यांदा वाचला.

ऋता_नाशिक
आयएनआर ४.६ आला, म्हणजे रक्त हवे त्यापेक्षा जास्त पातळ झाले होते. दंडावर दोन डाग होते. रक्तदाबाच्या पट्ट्याचे असतील म्हणून आईने ते मला सांगितलेच नव्हते. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन रात्रींची गोळी थांबवून मात्रा कमी केली, प्रतिजैविक बदलले आणि चार दिवसांनी पुन्हा तपासणी सांगितली. रसामुळे झाले की गोळ्यांमुळे, हे आता वेगळे करता येणार नाही असे ते म्हणाले. पुढच्या वेळी त्रास झाल्यास गोळी सुरू करण्याआधी, पहिली धार सोडून मधल्या धारेचा नमुना द्यायचा, हेही बजावले. दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून एस्ट्रिऑल क्रीम लिहून दिले आहे, पण आई ते लावायला फार संकोचते. ट्यूब गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली आहे. कोणी वापरले असेल तर किती दिवस लावावे लागते?

हेमलता_ठाणे
ऋता, मी वापरते. मला पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावायला सांगितले होते. तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते आधी पाहा. गुण यायला मला दोन-तीन महिने लागले. पहिल्या रात्री आईंना झोपण्याआधी, दिवा मंद करून, पाय दुमडून आडवे पडायला सांगा. तसे सोपे जाते. हवे तर मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.