तबकडीवरचा सोलो: रियाजालाही, प्रबंधालाही

कार्यक्रम सांभाळून पीएचडीला वेळ कुठून आणायचा, हा जॅझ वाजवणाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. विषयच वाजवण्यातला घ्या. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकी जॅझ वादक वाजवत. त्या काळातल्या तबकड्यांवरचे सोलो (एकट्या वादकाने वाजवलेले भाग) ऐकून उतरवा. मात्र आधी वेग तपासा. तबकडी मिनिटाला ७८ऐवजी ७४ फेऱ्यांनी फिरली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. ट्रम्पेटची धून बी-फ्लॅटऐवजी ए मध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली, ऐकू आली तर वेगाचा संशय घ्याच! मग सॉफ्टवेअरमध्ये सूर तोच ठेवून वेग ६० टक्क्यांवर आणा. आधी गा, मग वाजवा, कागद शेवटी. थेट कागदावर गेलात की स्विंगचे (लांब-आखूड झुलत्या लयीतले) एट्थ नोट सरळसोट, एकसारख्या लांबीचे लिहिले जातात, आणि तिथेच विश्लेषण फसतं. प्रबंधासाठी वादकांच्या मुलाखती घेणार असाल तर लेखी संमती घ्या, तीही रेकॉर्डिंगआधी.