बुलेटचा कार्बोरेटर न उतरवता जेट सेट करता येतात का?

सातारकर:
माझी बुलेट ३५०, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची. कार्ब मिककार्ब व्हीएम २४. सायलेन्सर बदलल्यापासून खंबाटकी चढताना अर्ध्या रेसला अडखळते, मूठ सोडली की फटाके फोडते. मेकॅनिक म्हणतो कार्ब उतरवून मेन जेट (पेट्रोल सोडणारा, भोक असलेला पितळी भाग) मोठा टाकू. पण इनलेटचं रबर कडक झालंय, ओढाओढीत फाटेल. जागेवर काही होईल का?

गॅरेज, कोल्हापूर:
होईल की भाऊ. पण मेन जेटला लगेच हात लावू देऊ नका. पाव रेसपर्यंत पायलट जेट (कमी रेसचा छोटा जेट) आणि हवेचा स्क्रू, तिथून पाऊण रेसपर्यंत मुख्यतः नीडल (मुठीसोबत वर-खाली होणारी निमुळती सुई), त्यापुढे मेन जेट. मुठीवर आणि शेजारच्या स्विचवर टेपच्या खुणा करा, घाटात नेमकी कुठे अडखळते ते बघा. हे न बघता जेट बदलून चांगल्या गाड्या बिघडवतात, फार जीव तुटतो.

आधी रबर तपासा. आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून इंजिन चालू असताना, जोडावर थोडं पाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढतंय, मग नवीन रबर टाकल्याशिवाय पुढे जाऊच नका.

रबर ठीक असेल तर इंजिन गरम करून हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड आटे बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत आयडलिंग सगळ्यात वर जाईल ती जागा पकडा. या कार्बमध्ये स्क्रू आत घेतला की हवा कमी होते, म्हणजे पेट्रोल वाढतं. फटाके बहुतेक इथेच कमी होतील.

अडखळण्याला नीडल. इंजिन थंड, पेट्रोलचा नळ बंद. दोन्ही क्लॅम्प ढिले करून कार्ब रबरातच आपल्याकडे कलता करा, वरची टोपी फिरवा, स्लाइड (मुठीने वर-खाली होणारा दट्ट्या, नीडल यातच असते) केबलसकट वर येते. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच.

भटका:
मेन जेटही असाच बदलतो. कार्ब अजून थोडा फिरवायचा आणि खालची वाटी काढायची, आधी त्यातलं पेट्रोल बाटलीत काढून घ्यायचं. वाटीचे स्क्रू मऊ असतात, डोक्यात घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हरच घ्या. ९० नंबरचा जेट असेल तर आधी ९२.५ घालून बघा, एकदम ९५ नको. आणि जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

लेहला गेलात तर सगळं उलट. ३५०० मीटरवर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी करायला तिथे क्लिप वरच्या खाचेत.

सातारकर:
रबर शाबूत आहे, उद्या नीडल बघतो. स्लाइड परत बसवताना दिशा कोणती?

गॅरेज, कोल्हापूर:
कापलेली कड एअर फिल्टरकडे, आणि बाजूची खाच आतल्या पिनवर. जोर लावायचा नाही, बरोबर असेल तर आपोआप उतरते. किक मारण्याआधी मूठ पिळून सोडा, स्लाइड खाली आपटल्याचा टक आवाज यायलाच हवा. नाही आला तर किक मारू नका, रेस अडकून गाडी सुसाट सुटेल. टोपी पुन्हा काढा.