वडिलांचं कुलमुखत्यारपत्र: निदान नुकतंच झालंय, आत्ता नेमकं काय काय करून घ्यावं?

सांजवेळ

वडील ७९ वर्षांचे, आई ७४. वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलंय. आज माणसं ओळखतात, पैशाअडक्याचं बोलणं समजतं, सही नीट येते. संध्याकाळनंतर मात्र गोंधळ वाढतो. त्यांच्या एकट्याच्या नावावर बचत खातं, पाच मुदत ठेवी, पेन्शन, म्युच्युअल फंड, बँकेतला लॉकर आणि एक फ्लॅट आहे. उपचारांसाठी फ्लॅट पुढे विकावा लागेल असं दिसतंय. आम्ही दोन भावंडं, भाऊ परदेशात असतो.

तीन प्रश्न आहेत. सगळ्यासाठी एकच सर्वसाधारण मुखत्यारपत्र पुरतं का? नोटरी पुरेशी की नोंदणीच करावी? आणि पुढे वडिलांना काहीच समजेनासं झालं तरी ते मुखत्यारपत्र चालतं का? शेवटच्या प्रश्नाला काही जण 'हो' म्हणतात, काही 'नाही'.

कोरा_कागद

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उत्तर 'नाही' असंच आहे. मुखत्यारपत्र म्हणजे मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यातलं नातं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ सांगतं की मालक वारला किंवा त्याची सारासारबुद्धी गेली की हे नातं संपतं. काही देशांत मन गेल्यावरही टिकणारं, किंबहुना तेव्हाच सुरू होणारं मुखत्यारपत्र करता येतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेला 'हो' बहुधा तिथला असतो. आपल्याकडे तशी सोय नाही. 'मी अक्षम झालो तरी हे लागू राहील' असं वाक्य घातलेले मसुदे फिरत असतात, पण ते वाक्य लिहिल्याने कलम २०१ हटत नाही. 'अपरिवर्तनीय' हा शब्द घातल्यानेही नाही. कलम २०२ चा अपवाद फक्त मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत गुंतलेला असेल तेव्हाचा आहे आणि मुलाला पुढे वारसा मिळणार आहे हा तसा हितसंबंध होत नाही.

म्हणून मुखत्यारपत्राकडे पुढच्या दहा वर्षांची तजवीज म्हणून पाहू नका. वडिलांचं मन जागेवर आहे तेवढ्या काळात कामं उरकण्याचं ते साधन आहे. जी कामं फक्त त्यांच्याच सहीने होतात ती आधी, मुखत्यारपत्र त्यांच्या जोडीला.

आता नोटरी की नोंदणी. नोटरीसमोर केलेल्या मुखत्यारपत्राला पुराव्याच्या कायद्यात चांगलं स्थान आहे (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ८५, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ८४): ते खरंच त्या व्यक्तीने केलं असं न्यायालय गृहीत धरतं. वीज, कर, विमा, पत्रव्यवहार एवढ्यासाठी ते पुरेल. पण फ्लॅट मध्ये आला की दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच करा. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३२ आणि ३३ नुसार, दुसऱ्याने केलेला दस्त नोंदणीसाठी हजर करायचा अधिकार ज्या मुखत्यारपत्राने मिळतो, ते देणारा भारतात राहत असेल तर त्याच्या राहत्या भागातल्या निबंधकासमोर करून साक्षांकित झालेलं लागतं. नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही.

वडिलांना कार्यालयात नेणं अवघड असेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो. शारीरिक दुर्बलतेमुळे येऊ न शकणाऱ्यांच्या घरी अधिकाऱ्याने जाण्याची तरतूद याच कायद्यात आहे. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि त्यात 'चालता येत नाही' एवढंच न लिहिता 'दस्ताचा अर्थ समजतो' हेही असावं. नाहीतर अधिकारी घरी येतात, वडिलांना दोन प्रश्न विचारतात, उत्तर गडबडतं आणि दस्त नाकारला जातो.

मुद्रांकाबद्दल एवढंच: महाराष्ट्रात मिळकत विकण्याचे अधिकार जवळच्या नातलगाला मोबदला न घेता दिले तर शुल्क किरकोळ, ठरावीक असतं. तेच अधिकार बाहेरच्या माणसाला दिले तर खरेदीखताइतकं शुल्क बसतं. म्हणून 'मुलगी' किंवा 'मुलगा' हे नातं आणि 'विनामोबदला' हा शब्द दस्तात स्पष्ट लिहा.

पासबुक

बँकेच्या बाजूने सांगते. 'माझ्या वतीने सर्व बँक व्यवहार करणे' या एका ओळीवर शाखा फार काही करू देत नाही. मुखत्यारपत्राचा अर्थ नेहमी काटेकोर लावला जातो. जे लिहिलेलं नाही ते दिलेलं नाही. म्हणून वेगवेगळं लिहून घ्या: खातं चालवणं व धनादेशावर सही, मुदत ठेव ठेवणं, नूतनीकरण, मुदतपूर्व मोडणं, ठेवीवर कर्ज (नको असेल तर 'कर्ज काढण्याचा अधिकार नाही' असं स्पष्ट), लॉकर उघडणं, खातं बंद करणं, खात्याचा उतारा मागणं. बँकेचं नाव, शाखा आणि खाते क्रमांक घाला, सोबत 'व यापुढे उघडली जाणारी खाती' हे शब्दही.

दस्त झाल्यावर तो कपाटात ठेवू नका. त्याच आठवड्यात प्रत्येक बँकेत मूळ प्रत दाखवून खरी नक्कल द्या, मुखत्याराची केवायसी आणि नमुना सही नोंदवून घ्या आणि पोच घ्या. बऱ्याच बँका मसुदा आपल्या विधी विभागाकडे पाठवतात आणि काहींचा स्वतःचा नमुना असतो, तो दस्त करायच्या आधीच मागून आणा. शक्य असेल तर पहिल्यांदा वडिलांना सोबत न्या. ते नाही म्हणू शकतात अशा अवस्थेत त्यांनी होकार दिला हे शाखेतल्या लोकांनी पाहिलेलं असलं की पुढे शंका निघत नाहीत.

सही करताना वडिलांची सही गिरवायची नाही. स्वतःची सही करायची आणि खाली '… यांच्याकरिता कुलमुखत्यार म्हणून' लिहायचं. तसंच वडिलांचा मोबाइल हातात ठेवून त्यांच्या नेटबँकिंगने आणि ओटीपीने व्यवहार करणं किंवा त्यांचं एटीएम कार्ड वापरणं, हा मुखत्यारपत्राचा वापर नव्हे. घरोघरी हेच चालतं. पण उद्या भावंडांत वाद झाला तर त्या प्रत्येक व्यवहाराचा जाब तुम्हाला द्यावा लागेल आणि दाखवायला अधिकार काहीच नसेल.

मुखत्यारपत्राइतकंच महत्त्वाचं दुसरं काम: बचत खातं आणि ठेवी आईसोबत संयुक्त करून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणाही एकाची सही चालेल असं) करा. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' नको, त्यात वडील हयात असेपर्यंत फक्त त्यांचीच सही चालते. आणि इथे एक खाच आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी दोघंही हयात असताना ठेव मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे सगळा पैसा पाच-पाच वर्षांच्या ठेवींत अडकवू नका. छोट्या रकमांच्या ठेवी करा, दर दोन-तीन महिन्यांनी एक सुटेल अशा बेताने, आणि व्याज व मुदतीची रक्कम बचत खात्यात जमा होईल अशी सूचना देऊन ठेवा.

म्युच्युअल फंडात खरेदी-विक्री मुखत्याराला करता येते, नामांकन मात्र करता किंवा बदलता येत नाही. ते वडिलांनीच करायचं. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात. लॉकरचं नामांकन बहुतेक जण विसरतात, ते आठवणीने करा.

पेन्शनला हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लागतो. केंद्राच्या पेन्शनरांत ८० पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि ७० वर्षांवरच्या ग्राहकांना बँकेची घरपोच सेवा मागता येते.

सांजवेळ

दोघांचे आभार. यातून दोन प्रश्न निघाले. निदान कागदावर आलेलं असताना वडिलांनी केलेला दस्त 'तेव्हा ते शुद्धीत नव्हते' म्हणून कुणी पाडू शकेल का? आणि मी व भाऊ दोघांनाही मुखत्यार नेमावं का?

रातराणी

पहिल्या प्रश्नाबद्दल. निदान म्हणजे अक्षमता नव्हे. सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशात माणूस काल काय जेवला ते विसरतो, पण 'मुलीला माझं खातं चालवायचा अधिकार देतोय आणि तो मी काढून घेऊ शकतो' हे त्याला पुरतं कळू शकतं. कायदाही दस्त केला त्या वेळचीच अवस्था पाहतो. करार कायद्याच्या कलम १२ मध्ये तर असं आहे की एरवी मन स्थिर नसलेली व्यक्तीही, मन स्थिर असतानाच्या वेळात करार करू शकते.

ती वेळ साधणं आणि तिचा पुरावा ठेवणं हे तुमचं काम. संध्याकाळी गोंधळ वाढतो म्हणता, मग सकाळचीच वेळ ठरवा. आदल्या रात्री झोप झालेली असावी. मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप किंवा झोपेचं नवं औषध चालू असेल तर तारीख पुढे ढकला, या वयात अशा कारणांनी तात्पुरता मोठा गोंधळ होतो. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असू द्या. ऐकू न आल्याने चुकलेलं उत्तर लोक न समजल्यात जमा करतात.

दाखला उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा, त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा घ्या. 'प्रकृती ठीक' अशी एक ओळ निरुपयोगी असते. डॉक्टरांनी वडिलांना काय विचारलं, वडिलांनी आपल्या शब्दांत काय सांगितलं (कोणाला, कशाचे अधिकार, का) हे त्यात असावं. तीसपैकी गुणांची स्मरणचाचणी सोबत असली तरी चालेल, पण तो आकडा म्हणजे कायदेशीर निकाल नाही. डॉक्टर आणि निबंधक बोलत असताना तुम्ही खोलीबाहेर थांबा. ज्याला अधिकार मिळतोय तोच शेजारी बसून उत्तरं सुचवतोय, असं चित्र नंतर फार महागात पडतं.

आणखी एक. हे मुखत्यारपत्र पैशाचं आणि मिळकतीचं आहे, उपचारांचा निर्णय त्यातून येत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वास वगैरेबाबत वडिलांची काही इच्छा असेल तर वैद्यकीय पूर्वनिर्देश वेगळा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यात निर्णय कळवणाऱ्या नातलगांची नावं देता येतात.

कोरा_कागद

दोघांना नेमण्याबद्दल: नेमा, पण 'एकत्र किंवा स्वतंत्रपणे' हे शब्द घाला. नुसतं 'दोघांना अधिकार' लिहिलं तर प्रत्येक कागदावर दोघांची सही मागतील आणि भाऊ परदेशात. फ्लॅटची विक्री आणि ठरावीक रकमेवरचे व्यवहार मात्र दोघांच्या संमतीने, असं ठेवता येतं. मुखत्याराला आपला अधिकार दुसऱ्याला परस्पर देता येत नाही, तशी मुभा हवी असेल तर ती दस्तातच हवी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यात येतं. दोन दस्त करा: रोजच्या व्यवहारांचा एक सर्वसाधारण, फ्लॅटचा एक विशेष. बँकेला फ्लॅटचा कागद दाखवायची गरज नाही, आणि एक रद्द करावा लागला तर दुसरा टिकतो.

फ्लॅटबद्दल मला खरी काळजी वाटते. विक्रीच्या वेळी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं की देणारी व्यक्ती हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. नोंदणीच्या कामात खोटं विधान करणं हा नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. खरेदीदाराच्या कर्जाची बँकही हल्ली वडिलांना भेटायला मागते. तोवर त्यांची समज गेलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबेल. म्हणून विकायचाच असेल तर आत्ता विका, खरेदीखतावर वडिलांचीच सही घ्या आणि पैसे त्यांच्याच खात्यात येऊ द्या. दुसरी वाट आईच्या नावे बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहत्या घरासाठी नवरा-बायकोत त्याचं मुद्रांक शुल्क इतर हस्तांतरणापेक्षा बरंच कमी आहे. पण मग वडिलांची मालकी संपते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ (सांभाळ केला नाही तर हस्तांतरण रद्द करून घेण्याचं) वापरता यावं म्हणून 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे दस्तात लिहाच.

मृत्युपत्रही याच आठवड्यांत. ते मुखत्याराला करता येत नाही.

सांजवेळ

आणि एवढं करूनही काही राहून गेलं आणि वडिलांना समजेनासं झालं, तर?

कोरा_कागद

मग उच्च न्यायालय. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक व मिळकतीचा व्यवस्थापक नेमून घ्यायची सोय होती. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि ती सोय गेली. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, उतारवयातला स्मृतिभ्रंश त्यात थेट बसत नाही. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांसाठी घालून दिलेल्या चौकटीत वैद्यकीय मंडळाची तपासणी, तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याचा अहवाल आणि पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अहवाल असं आहे. मुंबई उच्च न्यायालयातही अशा नेमणुका झाल्या आहेत. भावाचं आणि आईचं ना-हरकत शपथपत्र जोडलं की वाट सुकर होते.

पासबुक

एक राहिलं. वडील फक्त शरीराने थकले, सही येईना, पण समज शाबूत आहे, अशा वेळी मुखत्यारपत्राशिवायही पैसे काढता येतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ठसाही शक्य नसेल तर नुसती खूण चालते. शाखेला लेखी अर्ज द्या, अधिकारी घरी किंवा रुग्णालयात येतात.

'समज गेली' असं मात्र बँकेला लेखी कळवलंत तर मुखत्यारपत्र तर थांबतंच, संयुक्त खात्यावरही बँक हात आखडता घेते. हे लपवा असं मी म्हणत नाही, लपवून केलेला व्यवहार पुढे उलटतो. म्हणून ते कळवायची वेळ येण्याआधी निदान वर्षभराचा घरखर्च आणि औषधांचा पैसा आईच्या एकटीच्या खात्यात, वडिलांच्या सहीने, गेलेला असू द्या.

हिशेबाची वही आजच सुरू करा. तारीख, रक्कम, कशासाठी, पावती क्रमांक. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागितल्यावर हिशेब देणं मुखत्यारावर बंधनकारकच आहे. दर महिन्याला पानाचा फोटो भावाला पाठवत जा.