मदत हवी आहे: इंग्रजी उताऱ्याचा सारांश लिहिताना मुख्य मुद्दा ओळखायचा कसा?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी कळव्याला राहते, घणसोलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. ऑस्ट्रेलियाला अर्ज करायचाय म्हणून पीटीई अ‍ॅकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बोलणं-ऐकणं बऱ्यापैकी जमतं, अडलंय ते 'समराइज रिटन टेक्स्ट'पाशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३०० शब्दांपर्यंतचा उतारा येतो, १० मिनिटांत त्याचा सारांश एकाच वाक्यात लिहायचा, ५ ते ७५ शब्दांत. दोन वाक्यं झाली की 'फॉर्म'ला, म्हणजे उत्तर नियमात बसण्याच्या गुणांना, शून्य, आणि फॉर्मला शून्य म्हणजे पुढचं काही तपासतच नाहीत.

एक वाक्य करणं जमतं. अ‍ॅण्ड, विच, व्हाइल असे डबे जोडत मी आगगाडी बनवते. पण डब्यांत भरायचं काय? मला सगळंच महत्त्वाचं वाटतं. लॅबची सवय म्हणा, आकडा दिसला की सोडवत नाही.

ठाणे स्टेशनजवळ एक क्लास लावला होता. तिथे सूत्र दिलं: पहिल्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य घ्या, शेवटच्याचं शेवटचं घ्या, मधे 'अ‍ॅण्ड' टाका. सराव परीक्षेत 'कंटेंट'चे गुण आपटले. विचारलं तर म्हणाले, अजून सराव करा.

कालचंच उदाहरण. उतारा बटाट्यावर. मी लिहिलेल्या वाक्याचा मराठी अर्थ असा: 'बटाटा दक्षिण अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले.' व्याकरण ठीक, शब्द मोजून. तरी चुकलंच. का चुकलं ते कुणी सांगेल का?

सानपाडाकर

आयएल्ट्स द्या की! तिथे सारांश आयता असतो, आपण फक्त गाळलेल्या जागा भरायच्या, त्याही बऱ्याचदा उताऱ्यातलेच शब्द उचलून. ६० मिनिटं, ४० प्रश्न, विषय संपला.

खाडीकाठची

अहो दादा, पीटीईची फी भरून झालीये. :(

मास्तरीणबाई

खाडीकाठची, बटाटा सोलू या.

बटाटा अमेरिकेतून आला, ही झाली ओळख. आयर्लंडमधली गरीब माणसं बटाट्यावरच जगू लागली, तोही बहुतेक एकाच 'लंपर' जातीचा, हे कारण. करपा आला, पीक सडलं, माणसं मेली, ही घटना. तुम्ही ओळख घेतलीत, घटना घेतलीत आणि मधलं कारण टाकून दिलंत. आता उतारा पुन्हा उघडा. शेवटी लेखक आजच्या शेतीवर आला असेल, बघा. एकाच वाणावर सगळी मदार ठेवली की एक रोग सगळं घेऊन जातो, असं काहीतरी.

खाडीकाठची

हो! शेवटचा परिच्छेद केळ्यांवर आहे. मला वाटलं विषयांतर झालं, म्हणून सोडला.

मास्तरीणबाई

तो सोडलात तिथेच गुण गेले. बटाटाही उदाहरण आणि केळंही उदाहरण. दोन्ही उदाहरणं कशाची, हे विचारलं की मुद्दा हाती येतो.

मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता नेरूळला घरी दोन-चार मुलं येतात. सगळ्यांचा गोंधळ एकच असतो: विषय आणि म्हणणं यांत फरक करत नाहीत. 'बटाटा' हा विषय. 'आयर्लंडचा दुष्काळ' हाही विषयच. म्हणणं हे नेहमी पूर्ण वाक्य असतं, क्रियापदासकट. 'हा उतारा कशाबद्दल आहे' असं विचाराल तर विषय मिळेल. 'त्याबद्दल लेखक काय म्हणतोय' असं विचारा.

कीर्तन ऐकलंय ना? पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. घरी येताना सगळ्यांच्या लक्षात आख्यान असतं, अभंग कोणता होता ते विचारा, डोकं खाजवतात. तुमचा दुष्काळ म्हणजे आख्यान. त्यातून इंग्रजी उतारे पुष्कळदा आख्यानानेच सुरू होतात आणि अभंग मागाहून येतो, म्हणून 'पहिलं वाक्य घ्या' हे सूत्र फसतं.

खुणेचे शब्द आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. 'फॉर इन्स्टन्स', 'सच अ‍ॅज' यांच्यामागे येतं ते बहुधा सोडायचं. 'हाउएव्हर', 'यट' दिसलं की रूळ बदलतात, तिथे थांबायचं. मात्र एखादं 'हाउएव्हर' उदाहरणाच्या पोटातही असतं, त्याने गाडी नाही, फक्त डबा हलतो. म्हणून संशय आला की ते वाक्य बोटाने झाका. बाकीचा उतारा उभा राहिला तर ते किरकोळ. बाकीची वाक्यं 'आम्ही इथे कशाला आलो' असं विचारू लागली तर तेच मुख्य.

गणिती_ठाणे

थोडं वेगळं मत. पीटीईची तपासणी मुख्यतः संगणकाची. महत्त्वाचे शब्द आले, वाक्य एक, पूर्णविराम एक, सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं नाही की काम होतं. माझे गुण त्या क्लासवाल्या सूत्रावरच निघाले. इतका अभंग-बिभंग कशाला?

मास्तरीणबाई

निघाले असतील. पण महत्त्वाचे शब्द कोणते हे संगणक नाही सांगणार, ते तुम्हालाच निवडावे लागतात. या ताईंनी 'सोळावं शतक' निवडलं होतं.

खाडीकाठची

:D

पण बाई, परीक्षेत दहा मिनिटांत हे सगळं कसं करायचं? बोटाने झाकत बसले तर वेळ जाईल.

मास्तरीणबाई

तीन मिनिटं वाचन, मग अर्धा मिनिट स्क्रीनवरून नजर काढायची. उताऱ्याकडे बघत सारांश लिहिला की डोळे वाक्यं उचलतात. न बघता मनात मराठीत एक ओळ म्हणा, मग ती इंग्रजीत करा. शेवटची दोन मिनिटं शब्द मोजायला आणि क्रियापदं तपासायला. पंच्याहत्तर ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. चाळीस शब्दांत झालं तर उरलेल्या जागेत सामान कोंबू नका.

घरी सराव करताना ती ओळ कुणाला तरी मोठ्याने सांगा. गावाहून काकूंचा वीस मिनिटं फोन येतो. ठेवल्यावर घरचे विचारतात, 'काय म्हणत होती?' तेव्हा तुम्ही वीस मिनिटं नाही सांगत. 'आजींना दाखवायला ठाण्याला आणतायत' एवढंच सांगता. हे तुम्हाला येतं, इंग्रजी दिसलं की विसरता.

आणि आयएल्ट्सचं नाव निघालंच आहे तर त्यातले 'मॅचिंग हेडिंग्ज'चे प्रश्न सोडवा, परीक्षा दुसरी असली तरी. प्रत्येक परिच्छेदाला शीर्षक निवडायचं असतं. टोफेलच्या जुन्या नमुन्यात सहा वाक्यांतून सारांशाची तीन निवडायची असत, तोही उत्तम व्यायाम. तिथे चुकीचे पर्याय सगळे खोटे नसायचे. काही खरे पण किरकोळ असायचे, आणि पोरं त्यांतच अडकायची.

खाडीकाठची

दोन दिवसांनी येतेय. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर गाडी पकडली की घणसोलीपर्यंत एक उतारा होतो, बसायला मिळालं तर. रात्री सासूबाईंना ती एक ओळ सांगते. त्या सातवी शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. मी सांगितलं की भाजी निवडता निवडता फक्त 'मग?' म्हणतात. तीनदा 'मग?' आलं की मला कळतं, मी अजून आख्यानातच आहे.

एखादा उतारा द्याल का बाई, सगळ्यांसमोर करते.

मास्तरीणबाई

आपल्याच गावचा घ्या. इंग्रजी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, इथे बाकीच्यांसाठी गोषवारा:

साठच्या दशकात मुंबईवर ताण वाढत होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली, १९६५ मध्ये ती 'मार्ग' नियतकालिकात आली. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या पलीकडे नेल्या की नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागे माणसं, असा हिशोब होता. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. हाउएव्हर, मंत्रालय जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव टाकून कचेऱ्या वाढल्या, १९८१ मध्ये नवं विधान भवनही तिथेच उभं राहिलं. लोकल वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. घाऊक बाजार आले, घरं भरली, शहर मोठं झालं, पण मुंबईची गर्दी काही ओसरली नाही.

खाडीकाठची

पहिला प्रयत्न (मराठीत): '१९६५ मध्ये तिघांनी नवी मुंबईची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको आली आणि १९९२ मध्ये रेल्वे आली.'

पाठवायच्या आधीच कळलं, ही तर शाळेच्या भिंतीवरची सनावळी झाली. सासूबाईंना सांगितलं. 'मग?' मग म्हटलं, कचेऱ्या तिकडे न्यायच्या होत्या, नेल्या नाहीत. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'म्हणजे घर नवं बांधलं नि चूल जुन्याच घरात ठेवली.'

दुसरा प्रयत्न: 'मुंबईचा भार हलका करण्यासाठी नवी मुंबई वसवली गेली आणि कालांतराने वाढलीही, तरी सरकारी कचेऱ्या ठरल्याप्रमाणे न हलवता दक्षिण मुंबईतच वाढवल्यामुळे मूळ शहराची गर्दी कमी झाली नाही.' इंग्रजीत ३४ शब्द झाले. 'ऑलदो' वापरलं.

मास्तरीणबाई

उत्तम. एकही साल नाही, एकाही माणसाचं नाव नाही, आणि काही चुकल्यासारखं वाटत नाही. 'ठरल्याप्रमाणे' हा शब्द ठेवलात ते विशेष, सगळं कारण त्यात आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

गणिती_ठाणे

मान्य. माझ्या सूत्राने काय येतं ते करून पाहिलं: 'मुंबईवर ताण वाढत होता आणि गर्दी ओसरली नाही.' कारणच गायब.

सानपाडाकर

सारांश छान, पण माझी हरकत आहे. ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्याचं काय? आमच्या आजोबांची शेतं होती इथे. १९८४ चं जासईचं शेतकरी आंदोलन, त्याचे नेते दि. बा. पाटील, पाच जीव गेले, हे मुख्य नाही?

मास्तरीणबाई

मुख्य आहे. पण या उताऱ्यात नाही. आपल्याला ठाऊक असलेलं, कितीही खरं असलं, तरी सारांशात घालायचं नाही. माहितीतला विषय आला की चांगली चांगली मुलं इथे घसरतात.

सानपाडाकर

मग बाई, उताराच अपुरा आहे.

मास्तरीणबाई

आहे खरा. रविवारी त्यात जमिनींचा परिच्छेद घालते. खाडीकाठची, तुम्ही पुन्हा सारांश करा.

खाडीकाठची

चालेल बाई. पण मग 'हाउएव्हर' दोन होतील, त्यातलं डबा हलवणारं कुठलं?

सानपाडाकर

परिच्छेद आल्याशिवाय सांगू नका हं बाई, या वेळी मीपण करून बघतो.